गरम डिश आणि शंकेखोर काटा

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतला एक जुना वजनकाटा आहे आणि खरे सांगायचे तर माझा कोणावरही विश्वास नाही. मला घडवलेच तसे. कोणी शेजारून धाडधाड चालत गेले, खिडकी किलकिली राहिली, डिशला बोटाचा ओशटपणा लागला, की माझा आकडा हलतो. म्हणून तर मला काचेच्या पेटीत, जड दगडी ओट्यावर बसवले आहे. समोर येणारा प्रत्येक जण मला काहीतरी खपवायला बघतोय, अशीच माझी समजूत असते.

तरुणपणी माझा मोठा मान होता. मग नवी यंत्रे आली, माझ्या पेटीवर धूळ साचली आणि मी माती तपासण्यापुरता उरलो. ओल्या मातीची डिश तोलायची, भट्टीत सुकवायची, पुन्हा तोलायची. घटलेले वजन म्हणजे उडालेले पाणी. हे काम दादा करायचा. दादा म्हणजे आमच्याकडचा सर्वांत जुना संशोधक विद्यार्थी, प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचा उजवा हात. त्याला सदा घाई. भट्टीतली डिश चिमट्याने उचलून तो थेट माझ्या पेटीत ठेवी आणि पहिला आकडा टिपून पसार होई.

एका उन्हाळ्यात मॅडमनी एक मुलगी आणली. अल्पसंख्याक समाजातल्या मुलामुलींना पदवीला असतानाच खरे संशोधन करायला मिळावे, अशी एक योजना होती. तिच्यातून ती आली होती. आठवडा संपायच्या आत तिचे नाव 'स्कीमवाली' पडले. फोटो काढणारा आला तेव्हा मात्र तिला हातमोजे घालून माझ्याशेजारी हसत उभे केले. मला तिथेच शंका आली. फोटो झाला की हिचे काम संपले, असा यांचा बेत दिसत होता. अर्थात तिच्यावरही मी नजर ठेवलीच, जशी सगळ्यांवर ठेवतो.

ती सुकलेली डिश झाकणाच्या बरणीत ठेवी. बरणीच्या तळाशी ओलावा शोषणारे खडे असत. डिश पूर्ण गार झाल्यावरच ती माझ्याकडे येई. माती तीच, पण तिचे आकडे दादाच्या आकड्यांशी जुळेनात.

"झाकण नीट लावत नसशील तू," दादा म्हणाला. "माती हवेतला ओलावा पिते. मग वजन जास्तच येणार."

"लावते दादा. दरवेळी लावते."

"कानामागून आली आणि तिखट झाली! म्हणजे आम्ही इतकी वर्षं चुकतोय का?"

मॅडम बोलल्या त्या अगदी गोड आवाजात. "तुझे आकडे शुक्रवारी मांडायला नकोत. तू बाटल्यांना लेबलं लाव, तेही शिकण्यासारखंच आहे." शुक्रवारी जो आपले काम मांडेल त्यालाच पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत जागा मिळणार होती. लेबले लावणाऱ्याला कोण जागा देणार?

ती माझ्याजवळच उभी राहून फोनवर बोलली. "ताई, मलाच जमत नाहीये बहुतेक. त्यांच्यासारखं करते, म्हणजे संपलं." फोन ठेवून तिने भट्टीतली गरम डिश उचलली आणि थेट माझ्या पेटीत ठेवली. आकडा दादाशी जुळला. मला फार वाईट वाटले. तिने पेन उचलले.

पण ती दादासारखी पळाली नाही. आकडा हळूहळू वर सरकत होता. ती बघत राहिली. मग तिने एक रिकामी डिश घेतली. गार असताना तोलली, भट्टीत तापवली आणि मॅडमना व दादाला हाक मारली.

"रिकामी आहे मॅडम. हिच्यात ओलावा प्यायला मातीच नाही. हात लावू नका, नुसतं बघा."

तापलेली डिश आधी हलकी भरली. मग थंड होता होता आकडा चढत गेला आणि पहिल्या गार वजनावर येऊन थांबला. गरम डिशभोवतीची हवा वर उसळते आणि डिशला उचलून धरते, मित्रांनो. पाणी कुठे मुरत होते ते मॅडमना कळले.

दादा पुटपुटला, "काटा म्हातारा झालाय."

माझा संताप झाला. मॅडमनी लगेच डबीतले प्रमाण वजन काढले आणि माझ्यावर ठेवले. मी बरोबर निघालो. दादा खाली बघत म्हणाला, "माझ्या सगळ्या डिशा पुन्हा कराव्या लागतील." शुक्रवारी ती बोलली. टाळ्या पडल्या, योजनेचे कौतुक झाले, पुन्हा फोटोही निघाला. पुढच्या वर्षीची जागा तिला मिळाली. तरी माझ्या मनातली अढी गेली नाही.

मित्रांनो, धूळ पुसा, खिडकी लावा, माझी काळजी घ्या. आणि संशय जरूर घ्या, त्याशिवाय विज्ञान चालत नाही. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, असा घेऊ नका. माझ्यावर, एका निर्जीव काट्यावर, शंका आली तेव्हा मॅडमनी लगेच वजन आणून मला तपासले. त्या मुलीवर सगळ्यांनी महिनाभर शंका घेतली. तिला तपासून बघायचे मात्र कोणालाच सुचले नाही. ते तिचे तिलाच करावे लागले.