रिकाम्या शववाहिनीतला माणूस

घाटकोपरच्या चाळीत त्या संध्याकाळी बापलेकीचं जुंपलं ते शेवटपर्यंत मिटलंच नाही. नलिनी परबच्या चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाच्या चित्रांचा विषय होता, कामावर जायच्या अजब तऱ्हा. नऊ चित्रं झाली होती. आरेच्या दुधाच्या टेम्पोत कॅनवर बसून शाळेत जाणाऱ्या बाई, वेसाव्याच्या होडीत सायकलसकट चढणारा टपालवाला. दहावं मात्र घरचंच, बापाचं.

संपात गिरणी गेली तेव्हापासून तिचा बाप धाकू मुलुंडला वॉचमन. ड्यूटी सकाळी सातची. बसच्या भरवशावर राहिला तर हमखास खाडा. गाववाला लवू शववाहिनी चालवायचा, ती पहाटे रिकामी मुलुंडला जायची. धाकू तिच्यात तिरडीच्या जागेशेजारी बसून जायचा. चाळीत कुणाला पत्ता नव्हता. नलिनीने एकदा हमरस्त्यावर पाहिलं, एवढंच.

"माका न इचारता काढलंस?" धाकू कडाडला. "चाळीचो गणपती पंधरा वर्सां माझ्या डोक्यार येता. मढ्याच्या गाडयेत बसणाऱ्याच्या डोक्यार देव कोण ठेवतलो?"

"मग बसता कशाला?" नलिनी कसली गप्प बसतेय! जीभ बापाचीच. "उद्या प्रदर्शन आहे, बाबा. दहा नसली तर नापास. वर्षाची वाट लागेल माझ्या!"

धाकूने काळ्या रंगात बोटं बुडवली आणि चित्रातल्या आपल्या तोंडावर फासली. "आता लाव खुशाल," म्हणाला आणि निघून गेला.

नलिनीचं लक्ष चित्रातल्या मांडीवरच्या डब्याच्या पिशवीकडे गेलं. हिरवी मखमल. गणपतीच्या मखराच्या जुन्या पडद्यातून आईने शिवलेली. अख्खी चाळ ओळखायची ती. तिच्यावर एकदा ब्रश फिरवला असता तर बाप कुणाला ओळखू आला नसता. पण माझं चित्र नासवलंत ना? मग भोगा! तिने ब्रश धुऊन ठेवला.

अंधेरीच्या हॉलमध्ये त्याच चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. चाळीच्या मंडळाचे भाऊराव कौतुकाने दहाजणांना घेऊन आले होते. दहाव्या चित्रातली हिरवी पिशवी त्यांनी वाकून निरखली आणि सगळ्यांना घेऊन निघून गेले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते धाकूच्या दारात आले. आत पाऊल टाकलं नाही.

"धाकू, यंदा गणपती जयवंत आणेल. मनाला लावून घेऊ नकोस."

"बरां," धाकू म्हणाला.

त्याने फळीवरून लाल कापडाची चुंबळ काढली, मूर्तीखाली डोक्यावर घ्यायची ती. पंधरा वर्षं घरात कुणाला हात लावू दिला नव्हता तिला. ती त्याने सावकाश उलगडली आणि नलिनीच्या रंगांच्या डब्यांवर टाकली.

"घे," तो म्हणाला. "ब्रश पुसूक."