वेल्लोरचा डोंगर

पुरुषोत्तमरावांनी मातीचं आणखी एक घमेलं ढिगावर उपडं केलं आणि फावड्याच्या पाठीने थापून डोंगर वीतभर उंच केला. सिया हातात छापील फोटो घेऊन बाजूला उभी होती. शाळेची हाफ-टर्मची सुट्टी, अंगात पिवळा रेनकोट, पायात चिखलाने माखलेले रबरी वेलीज. तिने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा डोंगराकडे.

"आजोबा, पण फोटोमध्ये डोंगर नाहीये. वेल्लोरची किल्ला फ्लॅट आहे."

"ठाऊक आहे मला."

"मग आपण राँग का करतोय?"

"हळू बोल." पुरुषोत्तमराव खिडकीकडे पाठ करूनच म्हणाले, "पाटी बघतेय का?"

"हो. कॉफी पितेय आणि बघतेय."

"मग अजून एक घमेलं आण."

पाटी म्हणजे सियाची तमिळ आजी, सुनेची आई, पुरुषोत्तमरावांच्या विहीणबाई. नाव कनकवल्ली. वेल्लोरच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं होतं. यजमान गेल्यावर तिथल्याच घराच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्याच राहत होत्या. सून नित्याने मोठी खटपट करून कागदपत्रं जमवली आणि आईला ऑगस्टमध्ये कायमचं कार्डिफला आणलं. कागदपत्रं आली, बाई आल्या, फक्त त्यांचं मन तेवढं सामानात चढवायचं राहून गेलं. आल्या दिवसापासून त्यांची निळी सूटकेस खोलीत दारापाशी उभी होती. देवसुद्धा तिच्यातच. रोज सकाळी त्या झाकण उघडत, रेशमी कापडातले देव डोळे भरून बघत, हात जोडत आणि झाकण लावत. प्रवासातले देव मांडायचे नसतात म्हणे. गेल्या आठवड्यात जेवताना त्यांनी शांतपणे सांगून टाकलं होतं, "दिवाळी झाली की माझं तिकीट काढा."

नित्या ताटावरून उठून गेली. मुलगा अंबरीश भाताकडे बघत राहिला. पुरुषोत्तमरावांनी उठून सगळ्यांची ताटं विसळली. चाळीस वर्षं त्यांनी इथल्या कौन्सिलमध्ये रस्ते बांधले होते. बायको गेल्यानंतर दिवसभराच्या रिकाम्या घराची त्यांनी सवय करून घेतली होती, आणि या बाईंनी तीन महिन्यांत ती सवय पार मोडून टाकली होती. मुलगा-सून हॉस्पिटलात कामावर गेली की दोघे कॉफी घेत, शब्दकोडं सोडवत, चुकलेल्या उत्तरांवरून कडाकडा भांडत. त्या त्यांना 'संबंधी' म्हणत. तमिळमध्ये व्याह्याला तोच शब्द आहे. दोघांची समाईक भाषा इंग्रजी; एकाची सातारी वळणाची, एकीची वेल्लोरी. ती इथे मराठीतच सांगितलेली बरी.

तर बाईंना राहा म्हणून विनवणं पुरुषोत्तमरावांच्या स्वभावात बसत नव्हतं. पण गणिताच्या मास्तरीणबाईंना चुकीचं उत्तर डोळ्यांसमोर ठेवून गप्प बसवत नाही, हे त्यांनी शब्दकोड्यात चांगलं ओळखून ठेवलं होतं. मराठी मंडळाची दिवाळीतली किल्ले स्पर्धा तोंडावर आलीच होती. दरवर्षी त्यांच्या अंगणात राजगड नाहीतर प्रतापगड असायचा. यंदा त्यांनी वेल्लोर जाहीर केलं.

तिसरं घमेलं पडलं, तसं मागचं दार उघडलं. कनकवल्ली बाहेर आल्या. साडीवर नित्याचा जाड कोट, पायात अंबरीशचे वेलीज. ऑगस्टपासून त्यांनी या बागेत पाऊल टाकलं नव्हतं.

"संबंधी, हे काय आहे?"

"वेल्लोरचा किल्ला."

"हा डोंगर?"

"किल्ला म्हटलं की डोंगर आलाच."

"अहो, आमचा किल्ला बस स्टँडपासून चालत जाण्यासारखा आहे! सपाट जमिनीवर. सगळा दगडी, एका आत एक दोन तट, आणि भोवती हा एवढा रुंद खंदक. आणा इकडे ते." त्यांनी फावडं जवळजवळ हिसकावूनच घेतलं. सियाने आजोबांकडे पाहिलं. आजोबा आभाळाकडे बघत होते.

पुढचे दोन दिवस अंगणात त्यांचंच राज्य होतं. डोंगर जमीनदोस्त झाला. तटांना बुरूज आले. खंदकाला कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांचं अस्तर लागलं, आणि नळीने पाणी सोडायच्या आतच कार्डिफच्या पावसाने तो काठोकाठ भरून दिला. इतकी वर्षं याच पावसाने पुरुषोत्तमरावांच्या प्रत्येक राजगडाची माची वाहून नेली होती. हा पहिलाच किल्ला, ज्याला पाऊस मानवला.

"यात मगरी होत्या," कनकवल्ली म्हणाल्या. "जुनी माणसं सांगायची. शत्रूसाठी पाळलेल्या."

"रिअल मगरी?" सियाचे डोळे विस्फारले. "पाटी, आपण पण ठेवू ना! माझा प्लॅस्टिकची आहे एक, पण तो ऑरेंज आहे."

"नारिंगी नको. परीक्षक हसतील."

तटाच्या आत त्या सियाच्या हातांनी एकेक वास्तू बसवत गेल्या. इथे चर्च, इथे मशीद. इथे टिपूच्या मुलाबाळांना नजरकैदेत ठेवलं होतं. इथे शिपायांनी बंड केलं, सत्तावन्नच्याही पन्नास वर्षं आधी. बोलता बोलता त्यांचा आवाज चढे, वर्गातला होई. पुरुषोत्तमराव मुकाट्याने माती कालवत होते आणि मनातून हरखले होते.

देऊळ मात्र पुरुषोत्तमरावांनी स्वतः केलं होतं. नाश्त्याच्या सिरियलच्या खोक्याचं गोपुर, वर सियाने रंगवलेल्या रांगा. कनकवल्लींनी गुडघ्यावर हात टेकवत वाकून आत पाहिलं.

"देव कुठे आहे?"

"त्या काळी नव्हता ना," पुरुषोत्तमराव म्हणाले. "महाराजांनी वेढा घातला तेव्हा गाभारा रिकामा होता, असं वाचलंय मी."

कनकवल्ली सावकाश सरळ झाल्या.

"बरोबर वाचलंत. कित्येक शतकं रिकामाच होता. मी लहानपणी तिथे खेळलेय. एवढं कोरीव देऊळ आणि आत नुसता अंधार. आमचा जलकंठेश्वर शेजारच्या सातुवाचारीत, दुसऱ्याच देवळात राहत होता. मग एक्क्याऐंशी साली लोकांनीच त्याला परत आणला. मी तेव्हा नवी शिक्षिका होते. शाळा सोडून आम्ही सगळ्या किल्ल्याकडे धावत सुटलो. पायात चप्पल होती की नाही, तेही आठवत नाही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पुरुषोत्तमरावांनी फावडं खाली टेकवलं. हे काय करून बसलो आपण! बाईंना इथे रमवायला निघालो, आणि शेवटी देवसुद्धा आपल्या गावी परत गेला हेच त्यांना आठवून दिलं. दिवाळीनंतरचं तिकीट आता कुणाच्या बापाला टाळता येणार नाही.

"म्हणजे देव इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरी सॅड होता?" सियाने विचारलं.

"सॅड?" कनकवल्लींनी पदराने डोळे टिपले. "छे ग. तिथे त्याला रोज स्नान होतं, फुलं होती, नैवेद्य होता. कुणी त्याला गाठोड्यात बांधून नव्हतं ठेवलं. नीट मांडला होता. देव मांडला की मग..."

वाक्य तिथेच राहिलं. हातातली माती त्यांनी उगाच तटाला लावली, तिथे माती लागत नसतानाही.

"पाऊस वाढला," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

परीक्षक शनिवारी आले. मंडळाचे अध्यक्ष नंदू छत्री सावरत पुढे, मागे सुहासिनीताई गुणांचा कागद घेऊन. नंदूने किल्ल्याभोवती एक चक्कर मारली, दुसरी मारली, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

"काका, सगळं फर्स्ट क्लास. पण महाराज कुठायत? मधे सिंहासन नको?"

पुरुषोत्तमराव उत्तर देणार, तोच मागून कनकवल्ली आल्या. गेल्या दोन दिवसांत शिकलेली मराठी त्यांनी बाहेर काढली.

"महाराज आत नाही. महाराज तिथे." त्यांनी खंदकापलीकडच्या दोन ढेकळांकडे बोट केलं; वेढ्याच्या वेळी मराठ्यांनी बांधलेले हे दोन गड पुरुषोत्तमरावांनीच रचून त्यांना नावांसकट सांगितले होते. एकावर मातीचे महाराज सिंहासनासकट बसले होते. "साजरा. गोजरा. टेकडी दोन. तोफ तिथून मारते. किल्ला अजून घ्यायचा आहे."

"पण स्पर्धेच्या नियमात..."

"ते वेढा लावून पुढे गेले. वर्ष उलटलं, मग किल्ला पडला," त्या इंग्रजीवर आल्या. "आमचा किल्ला सहज मिळत नाही."

सुहासिनीताई खळखळून हसल्या आणि कागदावर भराभर लिहू लागल्या. संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये बक्षीस मात्र रीतीप्रमाणे एका रायगडाला गेलं. वेल्लोरला उत्तेजनार्थ एक मिठाईचा खोका मिळाला, आणि तो सियाने गाडीतच अर्धा केला.

घरी आल्यावर पुरुषोत्तमराव स्वयंपाकघरात कॉफीची वाट बघत बसले. तिकिटाचा विषय आज निघेल, उद्या निघेल, निघेल तेव्हा आपण काय बोलायचं, असं मनात घोळत होतं. वर जिन्यापाशी धडधड आवाज झाला. पाठोपाठ अंबरीशचं करवादणं.

"काय चाललंय वर?"

"माझी सूटकेस." कनकवल्लींनी दोन पेले टेबलावर ठेवले. "लॉफ्टमध्ये टाक म्हटलं. दारात वाट अडवून बसली होती नुसती. रिकामीच आहे."

 तेव्हा कुठे पुरुषोत्तमरावांना उदबत्तीचा वास जाणवला. त्यांनी वळून पाहिलं. बागेकडच्या खिडकीत, कोथिंबिरीच्या कुंडीशेजारी, एका पाटावर रेशमी कापड अंथरलं होतं. त्यावर छोटा पितळी शिव, पार्वती, गणपती आणि एक समई. खिडकीबाहेर किल्ल्याचा खंदक पावसाने भरून चालला होता.

त्यांनी कॉफीचा घोट घेतला. जीभ भाजली, तरी आणखी एक घेतला.

"संबंधी," कनकवल्ली समोर बसत म्हणाल्या, "एक विचारू? ज्या माणसाला साजरा-गोजरा तोंडपाठ, त्याला खंदक ठाऊक नसतो?"

पुरुषोत्तमरावांनी पेल्यात बघितलं. "वय झालं. विसरलो असेन."

"हं." त्यांनी शब्दकोड्याचं पान पुढे ओढलं आणि पेन्सिलीचं टोक तपासलं. "पुढच्या वर्षी विसरू नका. आणि बागेतला कोपरा मोठा घ्या. सियाला मी मगरी कबूल केल्या आहेत."