मकोआने मागणी कुठे घातली?

लेआही या जुन्या ज्वालामुखीच्या माथ्यावर चढून जाण्याइतके नोहेआचे पाय अजून धड होते. पंचाईत वेगळीच होती. ती आजवर तिथे गेलीच नव्हती!

आणि आज तिचा मुलगा काइपो अख्खं खटलं घेऊन निघाला होता. बापाचा, मकोआचा, तो गेल्यानंतरचा पहिला वाढदिवस. बाबांनी आईला जिथे मागणी घातली, नेमकी तिथेच चाफ्याच्या माळेचा दोरा काढून फुलं मोकळी करायची, असं त्याच्या मनात. ती गोष्ट घरात कोणाला पाठ नव्हती? मकोआ प्रत्येक समारंभात हात पसरून सांगायचा, "पायाखाली वायकीकीचा अख्खा किनारा, आणि मी गुडघा टेकला!"

कसला टेकतोय! घराएवढ्या लाटांवर फळी घालणारा हा गडी पहिल्याच वळणावर कठडा धरून मटकन बसला होता. उंचीने त्याला घेरी आली. नोहेआने बखोट धरून त्याला खाली आणला आणि विवराच्या तळाशी, गाड्या लावतात तिथल्या झाडाखाली, त्याने पांढऱ्याफटक तोंडाने विचारलं. "हो" म्हणताना तिने शपथ घेतली, हे कुणाला कळणार नाही. ती तिने आजवर पाळली होती. मेलेल्या माणसाचं हसं ती कशी होऊ देईल?

आता चढावर मागून तिची नणंद एडविना रबरी सपाता फटफटवत येत होती, हातात मुसुबीचा, भाताच्या वड्यांचा, डबा.

"पुढे हो गं वहिनी. तुला तर वाट पाठ!"

"हो तर," नोहेआ म्हणाली. वाटेतल्या बोगद्यापलीकडे दोन वाटा फुटल्या, तेव्हा तिने बुटाची नाडी बांधायचं सोंग केलं आणि पर्यटक कुठे वळतात ते पाहून घेतलं.

माथ्यावर भन्नाट वारा होता. काइपोने माळ काढली. "आई, नेमकं कुठे?"

नोहेआने छातीठोकपणे बोट दाखवलं. "त्या कोपऱ्यात. कठड्याला टेकून."

"कठडा?" एडविना जिन्याच्या तोंडाशीच उभी होती. "तेव्हा तिथे कठडा होता का गं?"

सगळे वळून पाहायला लागले. आता संपलं, नोहेआला वाटलं, आता त्याची अब्रू गेली! तिने रागाने नणंदेकडे पाहिलं, तर बाईने दोन्ही हातांनी खांब कवटाळला होता आणि तोंड पांढरंफटक पडलं होतं. हे तोंड नोहेआने पूर्वी पाहिलं होतं.

"ताई," ती मध घोळवून म्हणाली, "मला मेलीला आठवत नाही नीट. तुम्हीच या ना इकडे, काठाशी. जरा खाली वाकून सांगा बरं."

"इथेच!" एडविना किंचाळली. "कठडा होता! मी मागेच उभी होते! टाका ती फुलं लवकर!"

"आत्या, तू पण होतीस?" काइपोने डोळे विस्फारले.

"होते म्हणजे काय, होतेच!"

फुलं वाऱ्यावर उडाली. नोहेआला रडू आलं आणि हसूही.

खाली उतरल्यावर एडविनाच्या गालांवर रंग आला. पोरं बर्फाच्या गोळ्याच्या गाडीकडे पळाली, तशी ती मुकाट्याने त्या झाडाखाली गेली. तिने झग्याच्या खिशातून मूठभर चाफा काढला आणि बुंध्याशी ठेवला.

नोहेआ तिच्या मागोमाग गेली. "तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिवशी घरी येऊन सांगितलंन मला. रडला मेला. माझ्याकडूनही शपथ घेतलीन."

"मग वर माझा जीव का खाल्लात?"

"बघत होते, तू टिकतेस का."

नोहेआने तिच्या हातातला डबा घेतला. "मी टिकले. आता तुम्ही सांभाळा. मागे उभ्या होतात ना?"

संध्याकाळच्या जेवणात एडविना पाहुण्यांना मकोआच्या सदऱ्याचा रंगसुद्धा सांगत होती.

"निळा," ती म्हणाली.

"निळाच," नोहेआ म्हणाली आणि तिला आणखी भात वाढला.