दुधानं चिकटवलेलं विमान

मी विमान आहे. हे सांगतानाही मान खाली जाते, कारण जमिनीपासून वीतभर वर मी कधी गेलो नाही. सध्या मालेगावात अमृतलाल शेटजींच्या गोदामात पडून आहे. माझ्या पोटात सरकीची पोती भरलीत आणि पंख भिंतीला टेकवून ठेवलेत. नवा माणूस आला की विचारतो, "हे काय होय?" जुना सांगतो, "शेटजीचं इमान," आणि दोघं हसतात. हसण्याचं मला आता काही वाटत नाही. मला लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

मी आधी कागदावर होतो. अमृतलाल शेटजी कापसाचे व्यापारी. वय चाळिशीचं, आवाज मऊ, दिवस मावळायच्या आत जेवणारे जैन गृहस्थ. व्यापार सांभाळून नागपूरच्या फ्लाइंग क्लबात जात आणि विमान चालवायला शिकले होते. पुढे त्यांच्या मनानं घेतलं की आपलं स्वतःचं छोटं विमान असावं, घरीच बांधावं आणि रविवारी हौसेनं उडवावं. १९७३ साली परदेशातून पोस्टानं तीन विमानांच्या नकाशांची पुस्तकं आली. त्यातल्या दोन पुस्तकांत जमिनीवर उतरणारी साधी विमानं होती. तिसऱ्यात मी होतो. खाली नावेसारखं पोट, बाजूला दुमडणारी चाकं, म्हणजे पाण्यावरही उतरणार आणि जमिनीवरही.

क्लबातले मिस्त्री रतनसिंग तेव्हा मुद्दाम मालेगावला आले होते. त्यांनी तिन्ही पुस्तकं चाळली आणि साधं विमान पुढे सरकवलं. "हे करा शेटजी. पाण्यावरचं लय नाजूक काम असते. थोडी फट राह्यली का खेळ खतम."

शेटजी म्हणाले, "आपली जमीन काळी. पावसाळ्यात चार महिने बैल फसतात, तिथं इमान काय उतरन? तलाव तं भरून राह्यते ना."

कारण खोटं नव्हतं. पण खरं कारण माझं चित्र होतं, हे मला ठाऊक आहे. निळ्या पाण्यावर मी पांढराशुभ्र उभा होतो आणि शेटजी ते पान पुन्हापुन्हा उघडत होते. त्यांना पोहता येत नव्हतं, तरी त्यांनी मलाच निवडलं. मी तेव्हा फार फुगलो होतो. आज वाटतं, त्या पानावर शाई सांडली असती तर एका माणसाचं भलं झालं असतं.

तो माणूस म्हणजे जगदेव सुतार. किन्हीराजा गावचा. बंड्या, म्हणजे बैलगाड्या, बनवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पार रिठदहून लोक बंडी सांगायला त्याच्याकडे येत. जगदेवनं घातलेला जोड ढिला झाला असं कोणी ऐकलं नव्हतं, आणि त्याला स्वतःलाही या नावापलीकडे काही कमवायचं नव्हतं. विमान म्हटल्यावर तो आधी घाबरला. मग नकाशावर बोट फिरवत बसला आणि संध्याकाळी म्हणाला, "जोडच आहेत हे बी. करू."

दोन वर्षं तो रोज सकाळच्या एस.टी.नं यायचा. त्यानं माझी एकेक फासळी तासली. जोड आधी सुकाच बसवून उजेडात धरायचा आणि उजेड पलीकडून दिसला तर तो तुकडा बाजूला टाकायचा. माझ्या अंगात अशी एकही जागा नव्हती जिथून उजेड दिसेल. मला त्याच्या हाताचा अभिमान होता. आता ते म्हणायलाही जीभ रेटत नाही.

भानगड झाली ती चिकटवण्यावरून. सुतार लाकडाला सरस लावतात. सरस हाडं आणि कातडी उकळून करतात, हे शेटजींच्या आईला, धापूबाईंना, पक्कं माहीत होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी मुलाकडून शब्द घेतला की सरस घरात येणार नाही. तसाही सरस पाण्यात विरघळतो, त्यामुळे तिथवर ठीकच होतं. नकाशाच्या पुस्तकानं एक निराळी पूड सांगितली होती. तिचा डबा मुंबईहून आला. झाकण उघडताच उग्र वास सुटला आणि धापूबाईंनी पदर नाकाला लावला. त्यात कशाचं काय आहे, हे डब्यावर लिहिलेलं नव्हतं. शेटजींनी छातीठोक सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. पण शेटजींना स्वतःलाच खात्री नव्हती. डबा परत गेला.

पुस्तकाच्या शेवटी आणखी एक उपाय होता. फाटलेल्या दुधाचा चोथा वाळवायचा, दळायचा, चुना घालून त्याची खळ करायची. जुन्या काळी विमानं अशा खळीनं चिकटवत. शेटजींचा चेहरा खुलला. धापूबाईंनी तर ती खळ स्वतःच्या स्वयंपाकघरात केली, गाळलेल्या पाण्यात कालवली. दिवे लागायच्या आत काम थांबवायचं, कारण उजेडाला किडे येतात आणि खळीत चिकटून मरतात. ओल्या जोडांवर मलमलचं फडकं टाकायचं, म्हणजे मुंगी चढायची नाही. जगदेवनं हे सगळं मनापासून पाळलं. माझ्या अंगात एक मुंगी मेलेली सापडायची नाही.

पण त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. ही खळ सतत ओल लागेल तिथे वापरू नये. शेटजींनी ती वाचली. मी पाहिलं. वाचून त्यांनी पान दुमडलं.

जगदेवला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं सरळ विचारलं, "शेटजी, हे दूध पान्यात टिकन काय?"

"पुस्तकात लिवलं आहे," शेटजी म्हणाले.

त्यात खोटं असं काही नव्हतं. पुस्तकात लिहिलेलं होतंच.

१९७६च्या जेठात मी तयार झालो. डोक्यावर इंजिन बसलं, तेही जुनंच. नागपूरला मोडीत निघालेल्या विमानाचं, रतनसिंगांनी दुरुस्त करून दिलेलं. उडायची परवानगी मिळायला तपासणारे साहेब यायचे होते, पण त्याआधी पाण्यावर चालवून पाहायला हरकत नव्हती. तेवढ्यात चौमासा लागला. धापूबाई म्हणाल्या, "पावसायात पान्यात, चिखलात जीव लय, मरतील. कार्तिकी पुनवेनंतर कर." शेटजींनी मान डोलावली.

चार महिने मी गोदामात ओल खात बसलो. बाहेर झड लागलेली, भिंतींना पाझर. श्रावणात माझ्या पोटाच्या सांध्यांतून आंबट वास येऊ लागला. पोळा झाला आणि जगदेव मला बघायला आला. त्यानं नाक जवळ आणलं. "शेटजी, वास येऊन राह्यला. नासल्यासारका."

शेटजींनी रंगाचा डबा पुढे सरकवला. "दोन हात रंग मार," म्हणाले.

जगदेवनं रंग मारला. पांढराशुभ्र, चित्रातल्यासारखा. मी छान दिसत होतो, आणि खरं सांगायचं तर दिसण्यातच खूश होतो.

कार्तिकी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी मला ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीवरून किन्हीराजाजवळच्या तलावावर नेलं. हा तलाव दुष्काळी कामात झालेला, त्या साली काठोकाठ भरलेला. आजूबाजूच्या गावांतले लोक बांधावर जमले. रिठदचे पुंजाजीही होते, ज्यांनी जगदेवला नवी बंडी सांगितली होती. जगदेवची एक रीत होती. बंडी गिऱ्हाइकाच्या हाती द्यायच्या आधी तिच्यात स्वतः बसून गावाला फेरी मारायची. म्हणून तो शेटजींच्या शेजारी माझ्यात बसला. त्याची बायको रंगूबाई काठावरून बघत होती.

इंजिन सुरू झालं. मी पाण्यावर धावलो. पन्नास हात, शंभर हात. तेवढंच माझं आयुष्य म्हणा. मग पोटाखाली काहीतरी सुटल्याचं मला कळलं, आणि एक सुटलं तसं दुसरं सुटलं. पाणी आत शिरलं. मी नाकावर गेलो. शेटजी गटांगळ्या खाऊ लागले. जगदेवनं त्यांना काखेत धरलं आणि काठाला आणलं.

बांधावरचे आधी घाबरले. दोघं जिवंत आहेत असं दिसल्यावर हसू लागले. मी अर्धा पाण्यात, शेपटी वर करून उभा होतो. पुंजाजी पुढे आले. "काय झालं शेटजी?"

शेटजींच्या अंगावरून पाणी निथळत होतं. सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि आई घरी वाट बघत होती. ते म्हणाले, "जोड सुटले."

बस, एवढंच. जगदेवचं नावही त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या माना जगदेवकडे वळल्या. त्यानं शेटजींकडे पाहिलं. त्याला वाटलं असेल, आता पुढचं बोलतील. शेटजी पंचा पिळत राहिले.

आता माझी लाज सांगतो. मला बोलता येत नाही, हे खरंच. पण मनात काय आलं ते मला माहीत आहे. लोक माझ्यावर हसायचे थांबले आणि जगदेववर हसू लागले, तेव्हा मला बरं वाटलं. ज्या हातांनी मला मलमलखाली झाकून ठेवलं, त्यांच्यावर बोट गेलं आणि मी सुटलो म्हणून मला हलकं वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पुंजाजींनी तिथल्या तिथे बंडी रद्द केली. म्हणाले, "राहू दे जगदेव, पुढच्या साली पाहू." पुढच्या साली त्यांनी दुसऱ्या सुताराची बंडी घेतली. मग एकेक करून सगळ्यांनीच. सडकेच्या कामावर तो खडी फोडतो असं कोणीतरी गोदामात बोललं. रंगूबाई लोकांच्या शेतात निंदणाला जाऊ लागली.

गेल्या दिवाळीच्या आधी गोदामात सरकी आली. पोती उतरवणाऱ्या हमालांत जगदेव होता. वाळला होता. त्यानं पोतं माझ्यात टाकलं आणि थबकला. नखानं उघडा सांधा खरवडला. आतून पांढरा भुगा गळला. त्यानं तो बोटावर घेऊन हुंगला, मग लाकडाच्या कडेवरून बोट फिरवलं. कड जशी तासली होती तशीच होती.

शेटजी दारात उभे होते. जगदेव मागे न बघता बोलला. "शेटजी, त्या पुस्तकात काय लिवलं व्हतं?"

शेटजी दारातून आत आले. मग म्हणाले, "वलीत टिकत नाही असं लिवलं होतं."

"तुमी वाचलं व्हतं?"

"वाचलं होतं."

"मंग त्या दिशी तलावावर काहून नाही बोलले?"

"मायनं खळ केली होती रे. तिले काय वाटलं असतं." मग हळू आवाजात ते म्हणाले, "आन मले बी लाज वाटली."

जगदेवनं हात झटकले. रागावला नाही, याचंच मला वाईट वाटलं. "मले सांगून काय उपेग? माहे जोड मले माहीत हायेत. किन्हीत सांगा. रिठदले सांगा."

"सांगतो," शेटजी म्हणाले.

त्याला आता वर्ष होत आलं. शेटजी गोदामात येतात, पोती मोजतात, माझ्याकडे न बघता जातात. किन्हीची एस.टी. त्यांच्या दुकानासमोरूनच सुटते.

म्हणून तुमच्यापाशी हात जोडतो. त्या बाजूला कधी गेलात, तर कोणी बंडी करून घ्यायच्या विचारात आहे का ते विचारा. असला तर त्याला सांगा, जगदेवचे जोड कधी सुटले नाहीत. सुटलो तो मी. एवढं ऐकून एकानं जरी त्याच्या दारात बंडीसाठी लाकूड नेऊन टाकलं, तर शेटजींना म्हणा, मला फोडून चुलीत घाला.