डावीकडचा लबाड

मित्रांनो, मी एक जुनं सोनोग्राफी यंत्र आहे. जुनं म्हणा, चालेल. भंगार म्हणालात तर खबरदार! कारखान्यात माझी जोडणी झाली आणि मी थेट मूल होण्यासाठी उपचार करणाऱ्या दवाखान्यात दाखल झालो.

बाईच्या अंडाशयात पाण्याने भरलेल्या इवल्याशा पिशव्या असतात. त्यांना फॉलिकल म्हणतात. त्यांच्यात बीज वाढतं. त्या हुडकून मापायच्या, हे माझं काम. त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं!

एकदा एक शिंपीणबाई आल्या. सोबत थोरली नणंद. बाईंच्या रक्तात बीजांशी संबंधित एका हॉर्मोनची पातळी फारच कमी निघाली होती.

"म्हणजे माझी बीजं खराब आहेत का हो?"

"छे हो!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "थोडी उरलीत, एवढंच त्यावरून कळतं. चांगली की वाईट, ते नाही कळत."

खरं सांगतो, ते मलाही दिसत नाही. बीजं वाढवायची इंजेक्शनं सुरू झाली. हा शेवटचा प्रयत्न, पुन्हा जिवाला हा घोर नको, असं बाईंनी घरी सांगून टाकलं होतं.

तपासणीत उजवीकडे काहीच नव्हतं. डावं अंडाशय तर दिसेचना. "डावीकडेही नसेल, तर या वेळचं थांबवावं लागेल," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझ्या पडद्यावर मात्र एक भलामोठा काळा फुगा वाट अडवून बसला होता.

"पाणी पिऊन आलात?"

"ताईंनी पाजलं. बाटलीवर बाटली!"

"मग? माझ्या वेळी तुडुंब पिऊनच बोलवायचे!" नणंद ठसक्यात म्हणाली.

"अहो, ती पोटावरून करायची तपासणी! ही आतून करायची. हिला लघवीची पिशवी रिकामी लागते, नाहीतर ती अशी फुगून आड येते."

नणंदेने जीभ चावली. बाई जाऊन आल्या, आणि मी दाखवला की डावीकडे एकुलता एक, गोल गरगरीत फॉलिकल!

"अगं बाई, इथे लपलाय होय लबाड!" डॉक्टरबाई हसल्या. पुढे त्यातलं बीज रुजलं आणि माझ्याच पडद्यावर बाळाच्या हृदयाचा ठोका लुकलुकला, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

आता नवं यंत्र आलंय. मी कोपऱ्यात, अंगावर खोक्यांचा ढीग. परवा शिंपीणबाई लेकीला घेऊन डॉक्टरबाईंना भेटायला आल्या. लेकीने फ्रॉकने माझी धूळ पुसली आणि विचारलं, "आई, मी यात कुठे होते गं?"

आईने पडद्यावर बोट ठेवलं. "इथे. तुझ्या आत्याने पाण्यामागे दडवली होती तुला!"

मित्रांनो, खोकी ठेवा हवी तर. तेवढी जागा मात्र पुसत जा.