पाठमोरा टेक

सूचनासाहेब आले की संकलनाच्या खोलीत त्यांना कुणी साधा चहा विचारत नसे. सिनेमात सूचना करायलाच स्टुडिओने त्यांना ठेवलं होतं, आणि हा माणूस पगाराला जागायचा. अचाट शक्तीच्या महानायकाच्या पहिल्या सिनेमात त्यांनी त्याचा पोशाख तीनदा बदलायला लावला. दुसऱ्यात चांगला मेलेला खलनायक उठवून बसवला. आता तिसऱ्याचा शेवट बदलून हवा होता मेल्यांना!

संकलकबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या एका शेवटासाठी तिने आणि तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे दिग्दर्शकाने, बाकीच्या सगळ्या सूचना मुकाट गिळल्या होत्या. शक्ती गमावलेला नायक घरी येतो, आई दार उघडते, तो तिच्याकडे बघतो आणि काहीच बोलत नाही. संपला सिनेमा. नायकाची गोष्टही संपली. एवढंच तर वाचवायचं होतं.

“बोलू दे की त्याला,” सूचनासाहेब म्हणाले. “‘पुन्हा भेटू.’ दोन शब्द. चौथा भाग जाहीर झालाय, बाई.”

“अहो, तोंड मिटलंय त्याचं! पडद्यावर ढळढळीत दिसतंय. शब्द काय कानातून काढू?”

“मग सातवा टेक लावा. त्यात तो पाठमोरा आहे. कुणाचाही आवाज चिकटवता येईल.”

बाईचा हात जागच्या जागी थांबला. सातवा टेक फसलेला होता. नट चुकीच्या बाजूला वळला म्हणून तो टाकून दिला होता, स्टुडिओला कधी दाखवलाच नव्हता. इतक्या पसाऱ्यातून तो नेमका आठवणारी माणसं दोनच, एक ती आणि दुसरा तिचा भाऊ.

तिने टेबलावरचा फोन उचलून भावाला लावला. “सातवा टेक तू सांगितलास यांना?”

पलीकडे तो नुसता खाकरला. “ताई, ऐक ना. चौथा मलाच देतायत.”

“अरे घरभेद्या! इथे मी तुझ्यासाठी घसा फोडतेय, आणि तू त्यांना जाऊन मिळालास? निदान मला आधी सांगायचंस!”

“सांगितलं असतं तर लावला असतास?”

“मेले तरी नाही.”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

एवढा राग बाईला सूचनासाहेबांचासुद्धा कधी आला नव्हता. तिने फोन त्यांच्यापुढे धरला.

“घ्या,” ती म्हणाली, “तुमचा माणूस आहे लाइनवर.”