चांदी, शिसं आणि रेडिओबाई

रेडिओबाईंचा आवाज बसला आणि अख्खी शाळा हळहळली, म्हणजे तोंडावर. पाठीमागे सगळे हसत होते. रसायनशास्त्राच्या या बाईंना मुलांनी रेडिओ म्हणायचं कारण एकच, एकदा सुरू झाल्या की बंद करायचं बटण सापडायचं नाही.

"आठवडाभर एक शब्द नाही," डॉक्टरांनी बजावलं होतं.

"मग तुमचा तास पीटीच्या सरांना देतो," मुख्याध्यापक म्हणाले.

बाईंनी कागदावर खरडलं, 'आजचा प्रयोग मीच करणार.'

"न बोलता? बरं, करा. पण मुलांना कळला नाही, तर उद्यापासून पीटी."

बोलण्यापलीकडे आपल्याकडे आहे तरी काय, असंच बाईंना वाटत होतं.

वर्गात त्यांनी नितळ द्रावणाची नळी उंच धरली. फळ्यावर लिहिलं, 'यात चांदी आणि शिसं.' आम्लाचे थेंब टाकले, तसा दह्यासारखा पांढराशुभ्र साका खाली बसला. दरवर्षी इथेच त्या सांगून टाकायच्या, की गरम पाण्यात शिसं विरघळेल, चांदी हटून बसेल आणि गार झाल्यावर शिसं परत येईल. सिनेमा सुरू व्हायच्या आधीच शेवट! आज मात्र तोंडाला कुलूप. त्यांनी उकळतं पाणी ओतलं, ढवळलं, गाळणकागदातून गरमागरमच गाळलं. कागदावर थोडा साका उरला, खाली स्वच्छ पाणी.

"एवढा कमी कसा झाला?" पहिल्या बाकावरची चष्मेवाली पुटपुटली.

"उडाला!"

"उडतोय कसला! खाली गेला असणार."

"खाली काय दिसतंय? डोंबल?"

झालं, जुंपली. उत्तर बाईंच्या जिभेवर नुसतं वळवळत होतं. त्यांनी ओठ गच्च मिटले.

पाणी गार होत गेलं आणि त्यात चकचकीत सुया उतरू लागल्या.

"अगं बाई! परत आला!" चष्मेवाली किंचाळली. "म्हणजे दोघं पांढरे, पण एकालाच गरम पाणी चालतं. बाई, मग या कागदावरच्याला काय चालतं? काहीतरी चालत असेलच की!"

आरडाओरडा ऐकून मुख्याध्यापक दारात आले. कुणी वळूनही बघितलं नाही. पीटीचा विषय तिथेच मिटला.

इतक्या वर्षांत हा प्रश्न बाईंना कुणी विचारला नव्हता. विचारणार कधी? त्याआधीच त्या उत्तर देऊन मोकळ्या व्हायच्या. त्यांना लाज वाटली, आणि हसूही आलं. त्यांनी अमोनियाची बाटली चष्मेवालीपुढे सरकवली. तिने जपून थेंब सोडले आणि कागदावरची चांदी बघता बघता विरघळली.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी नळ उघडा ठेवल्याबद्दल बाईंनी नवऱ्याला असं काही झापलं, की शेजारी गॅलरीत आले. आवाज खणखणीत परतला होता.

वर्गात पाऊल टाकताच चष्मेवालीनं विचारलं, "बाई, आला का आवाज?"

बाईंनी गळ्याला हात लावला, चेहरा पाडला आणि मान हलवली. नाही.